चार अँटेना, चार खोल्या

गणपतीत मांडवात स्पीकर लावणारा पोरगा संध्याकाळी माइक हातात घेऊन ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणतो, तेव्हा त्याला कुणाला काही सांगायचं नसतं. काय ऐकू यायला हवं ते त्याला आधीच ठाऊक असतं. त्याचा कान असतो तो मांडवाने आणि स्पीकरने त्या शब्दांचं काय केलं याकडे. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी मी आठ-नऊ महिने हेच केलं. फक्त माझ्याकडे माइक चार होते, ऐकणारे कान चार होते, आणि चारही माइक एकदमच बोलणार होते.

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर आमची कम्युनिकेशन लॅब. खोलीच्या एका टोकाच्या टेबलावर पाठवणारे दोन सॉफ्टवेअर रेडिओ, दुसऱ्या टोकाला घेणारे दोन. प्रत्येक डब्याला दोन अँटेना, म्हणजे इकडे चार, तिकडे चार. फ्रिक्वेन्सी २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून प्लायवूडच्या पट्टीवर सहा-सहा सेंटिमीटरवर सुताराकडून भोकं पाडून घेतली आणि त्यांत अँटेना बसवले. सुताराने ‘हे देव्हाऱ्याला लावणार का?’ असं विचारलं होतं.

चार गुणिले चार, सोळा वाटा. प्रत्येक वाटेने सिग्नलची ताकद किती उरली आणि फेज, म्हणजे लहरीचा टप्पा, किती फिरली, हे सांगणारा एक कॉम्प्लेक्स आकडा; आणि तोही प्रत्येक सबकॅरियरला, म्हणजे सिग्नलच्या प्रत्येक बारीक फ्रिक्वेन्सी-पट्टीला, वेगळा. आम्ही ओएफडीएममध्ये (माहिती अशा अनेक पट्ट्यांवर वाटून पाठवायची पद्धत) २०० सबकॅरियर वापरत होतो, म्हणजे ३२०० आकडे. या सगळ्यांना मिळून चॅनेल म्हणतात. हे हाताशी असतील तरच घेणारा चार अँटेनांवर आलेली खिचडी वेगळी करू शकतो. फोशिनी यांचा १९९६ चा आणि तेलातार यांचा १९९९ चा पेपर वाचताना अँटेनांबरोबर क्षमता कशी वाढत जाते हे पाहून डोळे दिपतात. ‘घेणाऱ्याला चॅनेल माहीत आहे असे धरू’ हे मात्र त्यात एका ओळीत उरकलेलं असतं. माझं अख्खं वर्ष त्या एका ओळीत गेलं.

चॅनेल मोजायला पाठवायचा तो दोघांना आधीच माहीत असलेला सिग्नल म्हणजे ट्रेनिंग. त्याची पहिली रचना मी अर्ध्या तासात केली. आधी एक नंबरचा अँटेना बोलेल, मग दोन नंबरचा, मग तीन, मग चार. कोण बोलतंय यात शंकाच नाही. चार सिम्बॉलमध्ये (सिम्बॉल म्हणजे एका वेळी पाठवायचा सिग्नलचा तुकडा) काम तमाम. सरांना दाखवली. ते म्हणाले, “एक बोलतो तेव्हा बाकीचे तिघं काय करतात?”

“गप्प बसतात, सर.”

“मग त्यांना पगार कशाचा द्यायचा?”

प्रत्येक अँटेनामागे स्वतःचा अँप्लिफायर असतो आणि त्याची मर्यादाही स्वतःची असते. तिघांची ताकद उसनी घेऊन चौथा चौपट ओरडू शकत नाही. म्हणजे चार सिम्बॉलच्या वेळात प्रत्येक अँटेना पाव ऊर्जाच वापरत होता. सरळ सहा डीबीचा, म्हणजे चौपटीचा तोटा (डीबी हे ताकदीच्या गुणोत्तराचं माप). गणित सांगतं की एकूण ऊर्जा ठरलेली असली तर लीस्ट स्क्वेअर्सची (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून काढलेल्या अंदाजाची) चूक सर्वांत कमी केव्हा येते, तर अँटेनांचे ट्रेनिंग एकमेकांना ऑर्थोगोनल असतात, म्हणजे एकमेकांत मिसळत नाहीत, आणि सगळ्यांची ऊर्जा सारखी असते तेव्हा. पाळीपाळीने बोलणं ऑर्थोगोनलच आहे, पण त्यात ऊर्जा भरता येत नाही. तेव्हा हॅडामार्ड मॅट्रिक्स. चौघेही चारही सिम्बॉलमध्ये बोलतात, फक्त चिन्हं वेगवेगळी:

एक: + + + +
दोन: + − + −
तीन: + + − −
चार: + − − +

कुठल्याही दोन ओळी घ्या, जागच्या जागी गुणा, बेरीज शून्य. घेणारा चार सिम्बॉल त्या-त्या चिन्हांनी जोडतो आणि एकेक अँटेना वेगळा निघतो. २००९ च्या वाय-फायच्या ८०२.११ एन मानकातही हीच युक्ती आहे. तीन अँटेनांसाठी तिथे चार ट्रेनिंग सिम्बॉल पाठवतात, याचं मला आधी कोडं वाटायचं. नंतर लक्षात आलं की अधिक-उणे एकच्या तीन आकड्यांची बेरीज शून्य होणारच कशी? कॉम्प्लेक्स आकडे चालणार असतील तर तीनातही भागतं, पण चिन्हं उलटवणं हार्डवेअरला फुकट पडतं.

चिन्हं ठरली. त्या चिन्हांखाली मूळ सिम्बॉलमध्ये काय भरायचं? मी सगळ्या २०० सबकॅरियरवर एक हाच आकडा भरला. माहीत असलेलंच काहीतरी पाठवायचंय ना, मग एकपेक्षा जास्त माहीत असलेलं काय असणार! पाठवायच्या आधी टाइम डोमेनचा, म्हणजे सिग्नल वेळेनुसार कसा बदलतो त्याचा, आलेख काढला तर सपाट रेषा आणि तिच्यात एकच सुई. सगळे सबकॅरियर एकाच क्षणी एका फेजमध्ये आले की बेरीज त्या एका सँपलवर चढते. सरासरीच्या २०० पट शिखर, म्हणजे २३ डीबी. अँप्लिफायर ती सुई छाटून टाकतो, नाहीतर तुम्ही आवाज इतका खाली आणता की सुई शाबूत राहते आणि बाकी काही पोचत नाही. हा गाढवपणा मी जर्नलमध्ये लिहिला नव्हता, इथे लिहिते.

औषध जुनं आहे. फ्रँक आणि झॅडॉफ यांनी १९६२ मध्ये आणि मग चू यांनी १९७२ मध्ये दाखवलेल्या अनुक्रमांत प्रत्येक आकड्याची ताकद एकच असते, फेज मात्र वर्गाच्या गतीने फिरत जाते. अशा अनुक्रमाला स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतीशी जुळवून पाहिलं की उत्तर शून्य. एलटीईमध्ये, म्हणजे मोबाइलच्या फोर-जीमध्ये, हेच झॅडॉफ-चू अनुक्रम बऱ्याच ठिकाणी वापरतात. अनुक्रमाची लांबी मूळ संख्या असली तर आणखी सोय होते. २०० ला सर्वांत जवळची खालची मूळ संख्या १९९. म्हणून १९९ लांबीचा अनुक्रम घेतला आणि त्याचा पहिला आकडा शेवटी पुन्हा जोडला. शिखर तीन डीबीच्या आसपास आलं. सुई गेली, टेकड्या राहिल्या.

आता तपासायचं कसं? हवेतून आलेलं चॅनेल खरं काय होतं ते देवालाच ठाऊक. म्हणून आम्ही अँटेना काढून केबल जोडल्या: एक नंबरचा पाठवणारा एक नंबरच्या घेणाऱ्याला, दोनचा दोनला, मध्ये सिग्नल मुद्दाम कमकुवत करणारे तीस-तीस डीबीचे अटेन्युएटर. आता उत्तर आधीच माहीत आहे. कर्णावर चार आकडे, बाकी बारा जागी शून्य. त्या बारा जागी जे दिसेल ती आपली चूक. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या जागी उणे ४५ डीबीच्या खालचेच आकडे दिसायला लागले आणि मी आणि माझ्या प्रोजेक्ट पार्टनरने खाली टपरीवर जाऊन चहा घेतला.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो आणि तोच प्रोग्राम, त्याच केबल, पण बारा जागांपैकी आठ जागा भरलेल्या. माझा प्रोजेक्ट पार्टनर लातूरचा, हाताने काम करणारा गडी. त्याने कनेक्टरवर संशय घेतला आणि सगळे एसएमए पाना घेऊन घट्ट केले. फरक नाही. केबलची अदलाबदल केली. फरक नाही. त्याने तिसऱ्यांदा पाना उचलला तेव्हा मी म्हटलं, “अरे थांब, आधी आकडे बघ.” कारण केबल बदलल्या तरी गळती जागची हलत नव्हती. १ आणि ३ मध्ये उणे २२ डीबी. २ आणि ४ मध्येही उणे २२. १–२ आणि ३–४ मध्ये उणे २८. आणि १–४, २–३ अगदी स्वच्छ.

कनेक्टर गळत असता तर गळती केबलबरोबर फिरली असती. ही अँटेनाच्या नंबराला, म्हणजे कोडच्या ओळीला चिकटून होती. मी पाठकोऱ्या कागदावर ओळींचे गुणाकार मांडले. १ आणि ३ चा गुणाकार: + + − −. म्हणजे पहिल्या अर्ध्यातून दुसरा अर्धा वजा. १ आणि २ चा: + − + −, म्हणजे प्रत्येकातून त्याचा शेजारी वजा. १ आणि ४ चा: + − − +. आता समजा प्रत्येक सिम्बॉलगणिक सगळ्या सिग्नलची फेज एक पाऊल पुढे सरकतेय. पहिल्या प्रकारात वजा होणारे सिम्बॉल एकमेकांपासून दोन पावलं लांब आहेत, तिथे सर्वांत मोठी शिल्लक राहील. दुसऱ्यात एक पाऊल, शिल्लक निम्मी; आणि शिल्लक निम्मी म्हणजे तिची ताकद पाव, बरोबर सहा डीबी, उणे २२ चे उणे २८. तिसऱ्यात एक जोडी पुढे सरकते तेवढीच दुसरी मागे, शिल्लक जवळजवळ शून्य. कागदावर तेच तीन प्रकार, स्क्रीनवर तेच तीन आकडे.

उणे २२ डीबी म्हणजे ०.०८. इतकं रेडियन फेज दर सिम्बॉलला फिरतेय. आमचा सँपलिंग रेट सेकंदाला ५० लाख, एफएफटी (सिग्नल वेळेतून फ्रिक्वेन्सीत नेणारं गणित) २५६ सँपलचा, सायक्लिक प्रीफिक्स (सिम्बॉलच्या शेपटाची पुढे जोडलेली प्रत) ६४ चा. म्हणजे सिम्बॉल ६४ मायक्रोसेकंदांचा. भागाकार केला: २०० हर्ट्झ.

मी टेबलामागे वाकून बघितलं. दोन्ही टोकांच्या रेडिओंना एकाच घड्याळावर चालवणारी १० मेगाहर्ट्झची रेफरन्स केबल जागेवर नव्हती. शेजारच्या टेबलवाल्यांनी सुट्टीत नेली होती. इतके दिवस आमच्या ऑर्थोगोनॅलिटीला तिचा टेकू होता. केबल गेल्यावर दोन्हीकडची घड्याळं आपापल्या चालीने चालायला लागली. फरक काही किलोहर्ट्झचा होता, तो आमच्या प्रिअँबलने (सुरुवातीला पाठवायच्या ओळखीच्या तुकड्याने) काढूनही टाकला होता, पण उरलेसुरले २०० हर्ट्झ राहिले आणि तेवढ्यांनी चार सिम्बॉलचा हिशोब बिघडवला.

मी तावातावाने सरांकडे गेले की केबल परत मिळवून द्या. सर म्हणाले, “मोबाइलला टॉवरपासून केबल कोण लावतं गं? राहू दे त्यांच्याकडे.”

तेव्हा राग आला होता. दोन दिवसांनी मात्र प्रश्न नीट दिसायला लागला. ऑर्थोगोनॅलिटी आम्ही वेळेत पसरून ठेवली होती, आणि आमच्याकडे नेमकं वेळेतच सगळं हलत होतं. ती अशा ठिकाणी नेऊन ठेवायला हवी होती जिथे हलणारं काही नाही.

वेळ सोडली की उरते फ्रिक्वेन्सी. एकच सिम्बॉल घ्यायचा. चारही अँटेनांनी तोच झॅडॉफ-चू अनुक्रम पाठवायचा, पण एक नंबरने जसाच्या तसा. दोन नंबरने पुढच्या प्रत्येक सबकॅरियरवर फेज ९० अंशांनी वाढवत. तीन नंबरने १८० ने. चार नंबरने २७० ने. शेजारचे कुठलेही चार सबकॅरियर घेतले की चौघांचे चार आकडे एकमेकांना ऑर्थोगोनल. आमची खोली नऊ मीटर लांब. इतक्या छोट्या खोलीत शेजारच्या चार सबकॅरियरवर चॅनेल जवळपास सारखंच असतं.

हेच टाइम डोमेनमधून पाहिलं की जास्त पटतं. फ्रिक्वेन्सीत ९० अंशांचा उतार म्हणजे वेळेत ६४ सँपलचा सरकाव. आलेल्या सिग्नलमधून मूळ अनुक्रम भागून काढला आणि उलटी एफएफटी केली की २५६ सँपलची एक ओळ मिळते. तिच्यात पहिल्या अँटेनाचं चॅनेल ० पासून दिसतं, दुसऱ्याचं ६४ पासून, तिसऱ्याचं १२८ पासून, चौथ्याचं १९२ पासून. वाड्याची वाटणी झाल्यासारखं: चार भाऊ, ज्याची त्याची खोली, मध्ये भिंती. घेणाऱ्या एका अँटेनाला चारही भाऊ एका नजरेत दिसतात.

आणि खोल्या केवढ्या ऐसपैस! पाच मेगाहर्ट्झला एक सँपल म्हणजे २०० नॅनोसेकंद; तेवढ्यात रेडिओ लहर ६० मीटर जाते. नऊ मीटरच्या खोलीतले सगळे प्रतिध्वनी एका सँपलमध्येच मावतात. फिल्टरच्या शेपट्या आणि सिंक्रोनायझेशनची एक-दोन सँपलची चूक धरून आम्ही प्रत्येकाला आठ टॅप, म्हणजे आठ सँपलच्या जागा, दिले. उरलेल्या ५६ जागा रिकाम्या. शोधायच्या गोष्टी चार गुणिले आठ, बत्तीस; आणि एका सिम्बॉलमध्ये समीकरणं मिळतात २००. हसीबी आणि हॉकवाल्ड यांच्या २००३ च्या पेपरात एक निष्कर्ष आहे की ट्रेनिंगची आणि डेटाची ताकद हवी तशी ठरवता येत असेल, तर पाठवणारे अँटेना जितके तितकेच ट्रेनिंग सिम्बॉल पुरेत. मी ते ‘चार म्हणजे चारच’ असं डोक्यात धरून बसले होते. तो निष्कर्ष एका सबकॅरियरसारख्या सपाट चॅनेलचा आहे. २०० सबकॅरियर एकमेकांना बांधलेले असतात तेव्हा चार सिम्बॉलची गरज मुळात नसते.

गोंगाटाचं गणितही मनासारखं आलं. आठच टॅप मोजायचे म्हणजे प्रत्येक सबकॅरियरच्या अंदाजात मूळ गोंगाटाचा आठ भागिले २००, चार टक्के. जुन्या पद्धतीत प्रत्येक सबकॅरियर सुटा मोजला तर चार सिम्बॉलच्या सरासरीनंतरही २५ टक्के उरत होता. अर्थात जुन्या पद्धतीलाही आठ टॅपची कात्री लावली असती तर तिचा एक टक्का झाला असता. चौपट ऊर्जेला चौपट फळ, त्यात चोरी नाही. पण वेळही चौपट गेला असता.

घड्याळांचा त्रास पूर्ण गेला असं नाही. २०० हर्ट्झ म्हणजे आमच्या सबकॅरियरमधल्या अंतराचा एक टक्का. त्यामुळे शेजारच्या सबकॅरियरचा थोडा आवाज मिसळतो, एकूण उणे ३५ डीबीच्या जवळपास. झॅडॉफ-चूची एक खोडही आहे, फ्रिक्वेन्सी सरकली तरी वेळच सरकल्यासारखी दिसते आणि भलत्या खोलीत एक सावली पडते. एलटीईमध्ये मोबाइल पहिल्यांदा टॉवरला हाक मारतो ती ८३९ लांबीच्या अशाच अनुक्रमाने. वेगाने जाणाऱ्या गाड्यांसाठी तिथे काही सरकाव वापरायलाच बंदी असते, ती याच सावलीपायी. आमची सावली उणे ४० डीबीची होती. सोडून दिली.

मग लागली खरी ठेच. पहिल्या फेरीत मी सरधोपट केलं: उलटी एफएफटी, खोलीतले आठ टॅप ठेवा, बाकी शून्य, पुन्हा एफएफटी. मधल्या सबकॅरियरवर चूक उणे ३५ डीबी, आणि दोन्ही कडांच्या दहा-बारा सबकॅरियरवर उणे १८. कारण २५६ पैकी आम्ही २००च वापरत होतो. डाव्या कडेला २८, उजव्या कडेला २७ आणि मधला एक, हे रिकामे. कागदावरच्या खोल्यांच्या भिंती सगळे २५६ भरलेले असतील तरच पक्क्या. काही रिकामे ठेवले की टॅप जागच्या जागी टोकदार राहत नाही, दोन्हीकडे पसरतो. आठच्या बाहेर पसरलेलं आपण कापून टाकतो आणि ते कडांवर उगवतं.

इथे मी तीन आठवडे घालवले. कडांना आरशासारखं उलटून भरून पाहिलं, खिडकीचं फंक्शन लावून पाहिलं. शेवटी कळलं ते इतकं साधं होतं की चिडचिड झाली. एफएफटीचा नाद सोडायचा. २०० समीकरणं, ३२ अज्ञातं, सरळ लीस्ट स्क्वेअर्स. ट्रेनिंग कधीच बदलत नाही, तेव्हा ३२ बाय २०० चं मॅट्रिक्स एकदाच काढून ठेवायचं आणि आलेल्या सिग्नलला त्याने गुणायचं. उलटं करताना कर्णावर एक छोटा आकडा मिळवला, नाहीतर कडांवर गोंगाट फुगत होता. कडा उणे ३० पर्यंत आल्या. आणखी एक बारीक गोष्ट, जी मला कुठल्याच पेपरात दिसली नव्हती: फिल्टरची शेपटी पुढेही असते. मुख्य टॅपच्या आधी दोन-तीन सँपल थोडी ऊर्जा येते, आणि खोल्या गोलात असल्याने ती मागच्या भावाच्या खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यात जाऊन पडते. म्हणून आम्ही सिंक मुद्दाम तीन सँपल लवकर धरायला लागलो.

डिसेंबरात अँटेना परत लावले आणि हवेतून मोजायला लागलो. दिवसा वाय-फायची इतकी गर्दी असायची की काम रात्रीच. एके रात्री दुसऱ्या अँटेनाच्या खोलीत, मुख्य टॅपपासून लांब, ३७ व्या सँपलला एक टोक दिसलं. प्रतिध्वनी म्हणावा तर तो सात मायक्रोसेकंद उशिरा येत होता. म्हणजे दोन किलोमीटर फिरून. दोन दिवस आम्ही भिंती, कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या यांना दोष देत होतो. मग ते टोक आपोआप सरकताना दिसलं. शेजारच्या टेबलवाल्यांनी माझाच जुना प्रोग्राम पेन ड्राइव्हवर नेला होता, अनुक्रमाचा रूट नंबर, म्हणजे अनुक्रम कुठला ते ठरवणारा आकडा, तोसुद्धा न बदलता. त्यांचं ट्रेनिंग आमच्या खोलीत राहायला आलं होतं. मार्झेटा यांनी २०१० मध्ये अमर्याद अँटेनांच्या स्वप्नाला शेवटी कुठे कुंपण पडतं ते दाखवलं, तेही हेच: शेजारच्या सेलने (दुसऱ्या टॉवरच्या हद्दीने) तोच पायलट, म्हणजे तेच ट्रेनिंग, वापरला की अँटेना वाढवूनही ती भेसळ जात नाही. वेगळा रूट घेतला तर मूळ लांबीच्या अनुक्रमांत एकमेकांचा आवाज २३ डीबीने खाली राहतो, आणि एका टोकाऐवजी गोंगाटासारखा सगळीकडे पातळ पसरतो. मी फळ्याच्या कोपऱ्यात तक्ता काढला: कुठल्या टेबलाचा रूट कुठला. खाली लिहिलं, ‘पुसू नये’. रेफरन्स केबलचा विषय मी तेव्हाही काढला नाही.

जानेवारीत आकडे स्थिर होते. दर १० मिलिसेकंदांनी एक ट्रेनिंग सिम्बॉल, बाकी डेटा, ६४-क्वाम (प्रत्येक आकडा स्क्रीनवरच्या ६४ ठिपक्यांपैकी एक), ठिपके सुबक. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बिघडले. फ्रेमच्या, म्हणजे दोन ट्रेनिंगमधल्या तुकड्याच्या, सुरुवातीला ठिपके नीट, शेवटाकडे जाता जाता पसरट. आम्ही डिसेंबरचा प्रोग्राम काढून चालवला, तोही बिघडलेला. पार्टनर म्हणाला, “अगं, डिसेंबरात चालला की हा!” पाना त्याच्या हातात होताच.

मी ट्रेनिंग दाट करून दुसऱ्या अँटेनापासून तिसऱ्या घेणाऱ्यापर्यंतच्या वाटेची फेज एक सेकंदभर टिपली. ती सरळ रेषा असायला हवी होती. तिच्यावर बारीक, एकसारख्या लाटा होत्या. मोजल्या: सतरा, जास्तीत जास्त अठरा. कुठल्या घड्याळाचा हा आकडा, या विचारात मी खुर्चीत मागे रेलून वर बघत बसले होते, आणि वर पंखा होता.

तीन पाती. मिनिटाला साधारण ३५० फेरे, सेकंदाला पावणेसहा. गुणिले तीन, साडेसतरा. मी उठून बटण बंद केलं. पंखा थांबायला जो वेळ लागला त्यात स्क्रीनवरच्या लाटा लांब लांब होत गेल्या आणि रेषा सपाट झाली. पार्टनरने बटण परत लावलं, परत बंद केलं. असं आम्ही सहा-सात वेळा केलं असेल. लॅबचे काका दारात येऊन म्हणाले, “ताई, रेग्युलेटर खराब झालाय का?”

आपल्याकडचा पंखा १२०० मिलिमीटरचा. पात्याचं टोक एका फेऱ्यात पावणेचार मीटर जातं, म्हणजे सेकंदाला २२ मीटर, ताशी जवळपास ८० किलोमीटर. परावर्तनात डॉप्लर (हलण्यामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) दुप्पट धरायचा; २.४५ गिगाहर्ट्झला सर्वांत वाईट म्हणजे ३६० हर्ट्झ. पंख्यावरून येणारा भाग एकूण सिग्नलच्या शंभरातला एखादाच असेल, पण ६४-क्वामला तेवढा पुरतो. आणि तो भाग मिलिसेकंदभरात बदलून जातो. आमचं ट्रेनिंग दहा मिलिसेकंदांनी येत होतं. माणसं चालत असताना चॅनेल पन्नास मिलिसेकंद टिकतं असा हिशोब मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मोठ्या ऐटीत लिहून ठेवला होता. छताकडे कुणी बघितलंच नव्हतं.

आता ट्रेनिंग दर मिलिसेकंदाला हवं. इथे एक सिम्बॉलची रचना कामाला आली. ६४ मायक्रोसेकंद दर हजारात, म्हणजे ६.४ टक्के वेळ खर्च. हॅडामार्डवर अडून बसलो असतो तर पाव वेळ नुसत्या माइक टेस्टिंगमध्ये गेला असता. दोन ट्रेनिंगच्या मध्ये चॅनेल सरळ रेषेने जोडून घेतलं आणि ठिपके पुन्हा आखडले.

तोंडी परीक्षा मेच्या मध्यावर. बाहेरून आलेले परीक्षक घाम पुसत आत आले. आम्ही डेमो सुरक्षित म्हणून पंखा बंद ठेवला होता, फळ्यावर तशी चिठ्ठीही होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि काकांना म्हणाले, “लावा हो पंखा. पाचवर.” सर खिडकीबाहेर बघत होते. पंखा घुं करत वेगात आला. स्क्रीनवरची सरासरी चूक उणे ३१ वरून उणे २९ वर आली आणि तिथेच थांबली. परीक्षक खुर्ची ओढून पंख्याखाली बसले आणि त्यांनी विचारलं की तिसऱ्या अँटेनाचा आलेख इतरांपेक्षा चार डीबी वर का आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पार्टनरने खिशातून पाना काढला. कनेक्टर सैल होता.